पेटीतले धुके

१

दौंडच्या त्या सभागृहात एकोणीस देखावे मांडले होते. अठरा उघडे होते, एक काचेच्या पेटीत बंद होता. आणि लबाडी झाली ती नेमकी त्या बंद पेटीत.

रविवारी सकाळी नऊ वाजता परीक्षक जालिंदर आप्पा त्या पेटीपुढे उभे राहिले, तेव्हा प्रथम त्यांना काही दिसलेच नाही. चारही काचांना आतून पांढुरके धुके धरले होते. रेल्वेच्या मालडब्यांची चाके हातोडीने वाजवून नुसत्या आवाजावरून तडा ओळखण्यात आप्पांची चौतीस वर्षे गेली होती. पहिल्या नजरेला जे दिसते त्यावर सही करायची नाही, ही नोकरीतली शिस्त त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नव्हती. झाकणावर चिकटवलेली सहीची कागदी पट्टी शाबूत आहे, हे त्यांनी आधी पाहिले. मग ती फाडली, झाकण काढले आणि भिंग घेऊन ते आत वाकले.

देखावा शिरूरच्या करुणाचा होता. असे चिमुकले देखावे करणाऱ्या छंदिष्टांचे हे मंडळ त्यांना डायोरामा म्हणे, आणि यंदाचा विषय होता ‘कल्पनानगरी’. करुणाने एक तहानलेले नगर उभारले होते. मधोमध पायऱ्यांची विहीर. विहिरीच्या काठाला विळखा घालून बसलेला ड्रॅगन. त्याचे खवले पिस्त्याच्या टरफलांचे, पंख लसणाच्या सालीचे, इतके पातळ की दिव्यापुढे धरले तर शिरा दिसाव्यात. आणि त्याच्या जबड्याखालून, त्याच्याकडे मान वळवूनही न पाहता, भरली घागर कमरेवर घेऊन पायऱ्या चढणारी दीड इंचाची एक मुलगी. काल सकाळी करुणा मांडणी करत होती तेव्हा आप्पांनी ही मुलगी डोळे भरून पाहिली होती. साऱ्या देखाव्याचा जीव तिच्या त्या न वळलेल्या मानेत होता.

आता तिच्या जागी तलवार उपसलेली एक राजकन्या उभी होती. भिंगाखाली तिच्या झग्यावर केसाएवढ्या आडव्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. थ्रीडी प्रिंटरवर थरावर थर चढवून काढलेल्या बाहुलीच्या अंगावर असतात, तशा.

“नियम चार,” मागून अध्यक्ष बाळासो म्हणाले. ब्रश आणि खराटा यांतला फरक त्यांना सांगता आला नसता. पण हे सभागृह दरवर्षी त्यांच्या ओळखीने मिळे, म्हणून ते अध्यक्ष होते. “परत्येक बाहुली सोताच्या हातानं घडवलेली पायजे. मशीनची चालायची न्हाई. लिहा आप्पा, अपात्र.”

“काल इथं दुसरी बाहुली हुती. मी पाहिलीय.”

“मंग तिनंच बदलली आसंल. पट्टी तर शाबूत हाय. का भूत शिरलं व्हय आत?”

“कुणीतरी शिरलंय,” आप्पा शांतपणे म्हणाले. “भूत हाय का माणूस, ते बघू. मी अपात्र लिहिणार न्हाई.”

अध्यक्षांनी त्यांच्यावाचून काम भागवले. दहाच मिनिटांत दारातल्या फळ्यावर खडूने अक्षरे उमटली : ‘करुणा, शिरूर. अपात्र. कारण : फसवणूक.’

२

करुणा दहाला आली. रांजणगावच्या एका कारखान्यात ती रंगकामाच्या विभागात होती. गाड्यांच्या पत्र्यावर धुळीचा कण राहिला तर तो शोधणे हे तिचे काम. तिने स्कूटर लावली, फळा वाचला, हेल्मेट काखेत धरले आणि सरळ आत आली.

बाळासोंनी तिच्यापुढे टाइप केलेला कागद ठेवला. “माफीनामा हाय. सही कर, म्हंजी नाव नुसतं यादीतनं गाळू, गाजावाजा न्हाई. न्हाईतर चार वाजता माईकवर वाचणार, आन् मंडळाचं दार कायमचं बंद.”

करुणाने कागद शेवटपर्यंत वाचला. “चार वाजता माझी आई येतीये. कारखान्यातल्या माझ्या लाईनवरच्या अकरा जणी येतायत, ट्रॅव्हलर गाडी करून. त्यांच्यासमोर वाचा.”

“म्हंजी सही करत न्हाईस?”

“मी केलं असतं तर केली असती. ज्यानं केलंय त्याला द्या की कागद. पेन माझं देते.”

“लई जीभ चालती तुझी!”

“हात त्याहून बरा चालतो, अध्यक्ष. तेवढ्यासाठीच तर इथं आले हुते.”

आप्पांनी बाळासोंकडून चारपर्यंतची मुदत मागून घेतली. अध्यक्षांनीही ती दिली. नाश्त्याची वेळ होत आली होती.

आप्पा करुणाला पेटीपाशी घेऊन गेले. “पेटी कवा लावलीस?”

“काल साडेबाराला. सेकंड शिफ्ट होती. न्हावऱ्याच्या रस्त्यानं गेले, तीनला दहा कमी असताना रांजणगावात पंच केलं. रेकॉर्डला असंल.”

“काचा कशानं पुसल्यास?”

“मऊ फडक्यानं, हातमोजे घालून. पेंट शॉपची सवय हाय आप्पा. काचेला उघडा हात लावला तर मला रात्री जेवण जात न्हाई.”

“आन् मुलगी कशानं चिकटवलेली?”

“पायात तार, तळाला भोक, आन् फेविकॉल. दोन दिवस वाळवली.”

बोलता बोलता ती खाली वाकली. धुक्याने माखलेल्या काचेकडे तिने तिरक्या नजरेने पाहिले, जशी ती कारखान्यात पत्र्याकडे पाहत असेल. मग ती एकदम ताठ झाली.

“आप्पा, काहीही करा, पण ह्या काचा कुणाला पुसू देऊ नका.”

३

आप्पांनी पेटीशेजारी खुर्ची टाकली आणि सचिव अनिताबाईंना तिथेच बोलावले.

अनिताबाई घाईघाईने बोलत. शनिवारी एक ते चार सभागृहाला कुलूप होते आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. चारला त्यांनी दार उघडले, पाचला पेटीवर पट्टी चिकटवून सही केली, आणि सगळ्यांना बाहेर काढून पुन्हा कुलूप लावले.

“चार ते पाच आत कोण कोण हुतं?”

“मी, सम्राट, माऊली सर. ते दोघे आपापले सामान आणायला आत-बाहेर करत होते. अन् अध्यक्ष, पण ते खुर्चीत झोपले होते. घोरत होते हो! मी फाटकावर बॅनर बांधून घ्यायला गेले, तेव्हाही घोरतच होते.”

“किती वेळ गेला बॅनरला?”

“अर्धा तास सहज. दोरी तुटली ना.”

“पट्टी लावताना काचंवर हे धुकं हुतं?”

अनिताबाई जरा लाजल्या. “नव्हतं. खरं सांगू का, माझी टिकली सरकली होती. मी त्या काचेतच बघून नीट केली. आरशासारखी काच होती.”

आप्पांनी मान डोलावली आणि सम्राटला हाक मारली. सम्राट रांजणगावातच ऑपरेटर होता. एका खोलीत पाच जणांबरोबर राहून, उशाशी थ्रीडी प्रिंटर ठेवून झोपणारा.

“आप्पा, डायरेक्ट विचारा. राजकन्या माझ्याच मशीनवर निघालीय. मॉडेल माझं हाय.”

“मंग?”

“मंग काय! गेल्या वर्षी डझनभर काढून सगळ्यांना वाटल्या की. अनितामॅडमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक हाय. अध्यक्षांच्या शोकेसमधी एक हाय, गणपतीच्या शेजारी. तुम्हालाबी दिली हुती.”

आप्पांना आठवले : त्यांची राजकन्या नातीने कुंडीत पुरली होती. “आन् हे धुकं कशाचं?”

सम्राटने काचेकडे पाहिले आणि तो हसलाच. “कोण येडं हाय? फेविक्विक लावून झाकण बंद केलंय. त्याची वाफ आतच कोंडती, रातभरात सगळीकडं पांढरी बसती. मला विचारा. रूममधी पाच जणं बिड्या ओढणारी, त्यामुळं माझं सगळं काम बंद डब्यात. पयल्यांदा असंच केलं, तर काळ्या घोड्याचं सकाळी भूत झालं हुतं. तवापास्नं बंद डब्यात फेविक्विक म्हंजी आपल्याला हराम.”

“किती वेळात धरतं?”

“दोन-तीन तासांत दिसाया लागतं. सकाळपर्यंत फुल.”

शेवटी आले माऊली सर. शिरूरच्या शाळेत चित्रकला शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते, आणि सलग चार वर्षे पहिले पारितोषिक त्यांच्याकडे होते. यंदाही त्यांचा बर्फाळ किल्ला सभागृहाच्या मध्यभागी, उघड्यावर, मोठ्या दिमाखात उभा होता.

“मुलगी गुणी आहे,” सर म्हणाले, “पण हल्लीच्या पिढीला सबुरी नाही. शेवटची बाहुली वेळेत झाली नसेल, विकतची उभी केली. मला वाईट वाटते, आप्पासाहेब.”

“हे धुकं कशाचं असंल, सर?”

“दव. जानेवारीचा महिना आहे. काच थंड पडली की आतल्या हवेतले बाष्प तिच्यावर जमते. साधे विज्ञान आहे.” सरांनी धुक्याकडे तुच्छतेने हात झटकला. “म्हणून मी आयुष्यात कधी पेटी केली नाही. माझे सगळे काम ओसरीवर, वाहत्या वाऱ्यात. झाकलेली कला ही गुदमरलेली कला, असे मी मुलांना शिकवत आलो.”

“करुणा तुमच्याच शाळेतली ना?”

“माझ्याच हाताखालची.” सर थांबले. “ती सांगते का तसे कुठे?”

ते उठून गेल्यावर आप्पांनी काचेचा एक कोपरा नखाने खरवडला. नखावर पाणी आले नाही. कोरडी पांढरी भुकटी आली.

४

साडेतीनला आप्पांनी चौघांना आणि करुणाला पेटीभोवती उभे केले. दारे लावून घेतली. बाहेर मंडपात माईकची तपासणी चालली होती. कोणीतरी आकडे मोजत होते.

“आधी करुणाचं,” आप्पांनी सुरुवात केली. “तिनं पेटी साडेबाराला लावली. फेविक्विक तिनं लावलं असतं, तर पाच वाजेपर्यंत साडेचार तास झालं असतं. काच तवाच पांढरी दिसली असती. पण पाच वाजता अनिताबाईंनी त्याच काचंत टिकली नीट केली. म्हंजी डिंक ताजा हुता, पट्टी लावायच्या थोडा आधीचा. एक ते चार कुलूप. उरला चार ते पाचचा तास, आन् त्या तासात करुणा रांजणगावला कामावर. बाळासो, फळ्यावर लिहिलेलं खोटं हाय.”

बाळासो म्हणाले, “मंग मी तर झोपलेलो.”

“तुम्ही जागं असता तरी सुटला असता.” आप्पांनी चिमट्याने हिसका देऊन राजकन्येला उपटले. तिच्या तळपायातून पितळी तार बाहेर आली. “बघा. पायात बारीक भोक पाडून तार बसवलीय. तळाशी ओल्या डिंकावर मातीची चिमूट भुरभुरवून सांधा झाकलाय. अर्ध्या तासाच्या आत, न थरथरता. हे काम बाळासोंच्या हातचं न्हाई, अनिताबाईंच्या हातचं न्हाई. हा छंद मुरलेल्या माणसाचा हात हाय. तसे दोन उरतात.”

सम्राटने घसा खाकरला. माऊली सर मात्र स्वतःच्या किल्ल्याकडे पाहत होते.

“सम्राटला हे धुकं ठाऊक हाय, एकदा त्याचं काम त्यानंच नासलंय. आता कुणी म्हणंल, ठाऊक असूनबी मुद्दाम लावलं. पण का लावील? करुणा निर्दोष हाय हे सांगणारी अख्ख्या सभागृहात एकच गोष्ट हाय, ती म्हंजी हे धुकं. तिला गोत्यात आणणारा माणूस तिच्या बाजूचा साक्षीदार सोताच्या हातानं पेटीत बसवून जाईल व्हय? धुकं ठेवून गेला तो, ज्याला धुकं म्हंजी काय तेच म्हाईत नव्हतं. हात मुरलेला, पण जन्मभर वाहत्या वाऱ्यात काम केलेला. बंद पेटीत ज्यानं कधी काही चिकटवलं न्हाई, आन् ज्याला हे दव वाटतं.”



“तर्क सुरेख आहे,” माऊली सर म्हणाले. आवाज स्थिर होता. “पण तर्कावर माणसाला चोर ठरवता येत नाही. पुरावा?”

“हाय,” करुणा म्हणाली.

तिने हातमोजे चढवले, मागची काच खाचेतून उचलली आणि खिडकीतल्या उन्हात तिरपी धरली. पांढऱ्या धुक्यात त्याहून पांढरे चार ठसे उठले होते, रेषान् रेष मोजता यावी इतके. झाकण काढून आत हात घालताना कोणीतरी काचेला आतून आधार घेतला होता.

“माणसाचं बोट जिथं लागतं तिथं ही वाफ जास्त बसते,” ती म्हणाली. “कारखान्यात पत्र्यावर एकदा असंच झालं होतं, लाईन थांबली होती. मी मोजे घालून पुसल्यात काचा, त्यामुळं माझे ठसे नसणार. तरी आधी माझी बोटं घ्या. शाईचं पॅड आणा कुणीतरी. मग रांगेनं सगळ्यांची.”

तिने हातमोजा काढला आणि पाचही बोटे टेबलावर पसरून ठेवली. सम्राटने लगेच शेजारी आपला हात ठेवला. अनिताबाईंनी ठेवला. काल झोपलेल्या अध्यक्षांनीही, जरा विचार करून, ठेवला.

माऊली सरांचे हात पाठीमागे होते. ते तिथेच राहिले.

५

“पस्तीस वर्षे मी शिकवले,” सर म्हणाले. “या तालुक्यात ज्याने ब्रश धरला त्याला मी धरायला शिकवला. अर्जात ‘मार्गदर्शक’ असा रकाना आहे. हिने लिहिले, ‘कोणी नाही’. मी तो अर्ज शनिवारी या टेबलावर वाचला, आणि समोर पेटीत ती घागरवाली मुलगी चाललेली, मान ताठ करून. कोणाचेच काही लागत नसल्यासारखी.”

“म्हणून राजकन्या घरनं आणलीत?” सम्राटने विचारले.

“ती किल्ल्याच्या सामानाच्या डब्यात होती. तारेसकट.”

करुणा सरांच्या समोर येऊन उभी राहिली. “ब्रश तुम्ही दिलात, सर. खरंय. धुवायला. सहावीत असताना बाकीच्या पोरी रंगवायच्या आणि मी नळावर त्यांचे ब्रश धुवायचे, वर्षभर. तुम्हाला आठवत नसंल. मला पाणी आठवतं. आधी निळं निघायचं, मग त्यात पिवळा ब्रश बुडवला की हिरवं व्हायचं. कोणता रंग कशात मिसळला की काय होतं, ते मी त्या नळावर शिकले. रकान्यात नळाचं नाव लिहायचं हुतं का?”

 सरांनी खिशातून चष्म्याचे घर काढले, उघडले आणि टेबलावर ठेवले. कापसात घागरवाली मुलगी निजली होती. तिला ओरखडाही नव्हता.

“मोडायला घेतली होती,” ते म्हणाले. “मोडवली नाही.”

बाळासोंनी सुटकेचा श्वास सोडला. “झालं मंग! बाहुली गावली, इषय मिटला. सरांचं वय बघ, मान बघ. फळा पुसून टाकू. नाव काय कुणाचंच घ्यायचं न्हाई. तुला उत्तेजनार्थ देऊ. काय आप्पा?”

“फळा पुसायला मी आलेले नाही,” करुणा म्हणाली. “मघाशी तुम्ही म्हणालात, माईकवर वाचणार. वाचा. माझ्यावरचा आरोप खोटा होता, बाहुली कुणी बदलली, का बदलली.”

“आगं, पाहुणं आलंत बाहेर! शोभा हुईल.”

“माझी होणार होती तेव्हा चालली असती.”

“ऐक. नियम नऊ. मांडणीनंतर देखाव्यातलं कायबी बदललं, तर तो मोजत न्हाईत. बक्षीस तर तुला तसंबी मिळायचं न्हाई. मंग कशापायी ताणतीस?”

“बक्षीस ठेवा तुम्ही. नाव द्या माझं मला.”

आप्पांनी तोवर परीक्षकाच्या वहीत पाच ओळी लिहून काढल्या होत्या. त्यांनी पान फाडून अध्यक्षांपुढे धरले. “मी सही केलीय, बाळासो. चौतीस वर्षांत तडा गेलेल्या चाकाला मी कवाच पास केलं न्हाई. हे तुम्ही वाचा, न्हाईतर मी वाचतो. मला माईकसुद्धा लागायचा न्हाई.”

चार वाजले. ट्रॅव्हलर फाटकात शिरली. त्यातून करुणाची आई आणि अकरा जणी उतरल्या, आणि दारातल्या फळ्यापुढे त्यांचा घोळका थबकला. त्यांतल्या एकीने तो मोठ्याने वाचला. तेवढ्यात मंडपातल्या कर्ण्यातून बाळासोंचा आवाज आला. ते अडखळत वाचत होते, पण शब्द गाळत नव्हते. आप्पा त्यांच्या खांद्यामागे उभे राहून ओळीवर बोट फिरवत होते. माऊली सरांचे नाव आले तेव्हा मंडपात कुजबुज उठली. सर पहिल्या रांगेतून उठले आणि कोणाकडे न पाहता फाटकातून चालते झाले. त्यांना कोणी थांबवले नाही. करुणानेही नाही.

“आता पुढचा कार्यक्रम,” बाळासो घाम पुसत म्हणाले. “पाहुण्यांचा सत्कार. सगळ्यांनी आत चला.”

सगळे सभागृहात आले. हार तयार होता, पाहुणे व्यासपीठाकडे निघालेही होते. परंतु करुणा पेटीच्या टेबलापाशी उभी होती आणि टेबल नेमके व्यासपीठाच्या पायऱ्यांपुढे होते. काचा तिने काढून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. तिने राजकन्येच्या पायाखालची माती खरवडली, जुने भोक सुईने मोकळे केले, काडीच्या टोकावर फेविकॉल घेतला, आणि मुलगी विहिरीच्या पायरीवर उभी केली. मग दोन बोटांत धरून ठेवली.

“बाजूला हो की, पोरी,” बाळासो दबक्या आवाजात म्हणाले. “पाहुणं खोळंबलंत.”

“फेविकॉल आहे,” करुणा मान वर न करता म्हणाली. “धरून ठेवावं लागतं. वीस मिनिटं.”

“इतका येळ?”

“झटपट करायचं झालं तर काय होतं, ते आत्ताच वाचलंत तुम्ही.”

पाहुणे अवघडून उभे राहिले. अनिताबाई हार परत तबकात ठेवू लागल्या. करुणाच्या आईने एकवार लेकीकडे, एकवार जबडा वासलेल्या त्या ड्रॅगनकडे पाहिले, पदर खोचला आणि मान्यवरांसाठी राखून ठेवलेल्या पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिच्यामागोमाग त्या अकरा जणी बसल्या. मग आईने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर थाप मारली.

“बसा की तुम्हीबी, अध्यक्ष,” ती म्हणाली. “येळ लागंल.”